जनरल रजिस्टर क्रमांक एक : अमृतमहोत्सव समितीस खुले पत्र

अमृतमहोत्सव समितीचे अध्यक्ष, सर्व सदस्य आणि माजी विद्यार्थी संघाचे पदाधिकारी यांस,

सप्रेम नमस्कार. वि. वि.

गेल्या महिन्यात समितीची बैठक झाली, तिचे इतिवृत्त मला घरी वाचायला मिळाले. कमान, मंडप, प्रमुख पाहुणे, स्मरणिकेतल्या जाहिरातींचे दर, सगळे नीट ठरलेले दिसले. स्मरणिकेत ‘शाळेचा इतिहास’ म्हणून दोन पाने राखून ठेवली आहेत आणि त्याचा कच्चा मसुदा इतिवृत्ताला जोडला होता. तो मी तीनदा वाचला. संस्थापकांची नावे, भूमिपूजनाच्या तारखा, मुख्याध्यापकांची यादी, बोर्डाच्या परीक्षेत चमकलेल्या मुलांची यादी. त्यात चुकीचे काही नाही. पण ज्या शाळेत मी शिकलो आणि जिच्या कचेरीत पुढे चौतीस वर्षे बसलो, ती शाळा मला त्या दोन पानांत भेटली नाही.

पत्र खुले लिहितो आहे, कारण ही गोष्ट आपल्या एकट्या शाळेची नाही. स्वातंत्र्यानंतरच्या दहा-पंधरा वर्षांत आपल्या भागात गावोगाव हायस्कुले निघाली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९४० साली साताऱ्यात महाराजा सयाजीराव हायस्कूल काढले, मोफत आणि राहण्याची सोय असलेले. गांधीजींच्या हत्येनंतर त्यांच्या स्मरणार्थ आणखी हायस्कुले काढायचा संकल्प त्यांनी सोडला. ते बघून इतर गावांनीही हिंमत केली, पंचमंडळींनी घरोघर धान्य गोळा केले, देवळाच्या ओवरीत आठवीचा वर्ग बसवला. आपली शाळा त्यातलीच, जून १९५१ ची. त्या पिढीतल्या सगळ्याच शाळांचे अमृतमहोत्सव आता लागोपाठ येतील, आणि सगळ्याच स्मरणिकांत ‘लावलेल्या रोपट्याचा वटवृक्ष झाला’ हे वाक्य छापले जाईल. शाळेचे नाव मी इथे मुद्दाम लिहीत नाही. गावाला ते कळेलच, आणि बाहेरच्यांनी आपापल्या शाळेचे नाव घालून वाचावे.

माझे म्हणणे एकच आहे. आपल्या शाळेचा इतिहास कुणाला नव्याने लिहायची गरज नाही, तो लिहिलेला आहे. मुख्याध्यापकांच्या दालनामागच्या खोलीत, डावीकडच्या लोखंडी कपाटात, खालून दुसऱ्या खणात. त्याचे नाव जनरल रजिस्टर क्रमांक एक, आणि त्याच्या पुढची आणखी चार. समितीतल्या एकाही सदस्याने ते उघडलेले नाही, हे मला आपल्या शिपायाकडून कळले आणि वाईट वाटले.

ज्यांनी पाहिले नाही त्यांच्यासाठी सांगतो. लांबट, कापडी पाठीचे, दोन्ही हातांनी उचलावे लागणारे रजिस्टर आहे. पहिली काही वर्षे शाळेला कारकून नव्हता, त्यामुळे पहिल्या मुख्याध्यापकांनी स्वतः टाकाने नोंदी केल्या आहेत. निळीकाळी शाई आता तपकिरी पडली आहे. उभे रकाने असे : अनुक्रमांक, विद्यार्थ्याचे संपूर्ण नाव, धर्म व जात, जन्मस्थान, जन्मतारीख अंकी आणि अक्षरी, यापूर्वीची शाळा, प्रवेशाची तारीख, इयत्ता, प्रगती, वर्तणूक, शाळा सोडल्याची तारीख, शाळा सोडण्याचे कारण, शेरा. एका मुलाला एक आडवी ओळ. कुणाच्या वाट्याला दोन ओळी नाहीत, पाटलाच्या मुलालाही नाहीत.

जन्मतारखेचा रकाना वरपासून खालपर्यंत बोट फिरवत वाचा. १ जून, १ जून, १ जून. घरी तारीख कुणी टिपून ठेवलेली नव्हती. ‘मोठ्या पुराच्या साली’, ‘प्लेगाच्या पुढच्या वर्षी’ असे आई सांगायची, गुरुजी हिशेब करून वर्ष काढायचे आणि तारीख १ जून लावायचे, म्हणजे शाळेत घालायला वय बरोबर भरे. माझीही तीच आहे. नोकरी लागली ती त्याच तारखेवर आणि निवृत्त झालो तोही तिच्यावरच. आपल्या गावातल्या निम्म्या म्हाताऱ्यांचे वाढदिवस एकाच दिवशी का येतात हे नातवंडांना विचारावेसे वाटते. स्मरणिकेत त्याचे उत्तर द्यायला अर्धे पान पुरेल.

पण सगळ्यात जास्त वाचण्यासारखा रकाना शेवटून दुसरा आहे. शाळा सोडण्याचे कारण.

पहिल्या सात-आठ वर्षांत तिथे वारंवार एकच वाक्य येते, ‘फी न भरल्याने नाव कमी केले’. हायस्कुलाची फी तेव्हा भरावी लागायची आणि महिन्याच्या महिन्याला रोख रक्कम शेतकऱ्याच्या हातात नसायची. काही मुलांचे नाव वर्षात दोनदा कमी झाले आहे आणि दोनदा पुन्हा घातले आहे. मधल्या महिन्यांत घरी काय विकले असेल ते रजिस्टर सांगत नाही. मग १९५९ साली यशवंतराव चव्हाणांच्या सरकारने ज्यांचे वार्षिक उत्पन्न ठरावीक मर्यादेच्या आत आहे त्यांच्या मुलांना फी माफ केली. ती ई.बी.सी. सवलत, म्हणजे आर्थिकदृष्ट्या मागासांची. आपल्या रजिस्टरात त्यानंतरच्या पानांवर शेऱ्याच्या रकान्यात तांबड्या शाईने ‘ई.बी.सी.’ अशी अक्षरे दिसू लागतात आणि फीचे ते वाक्य विरळ होत जाते. एखाद्या सरकारी निर्णयाने गावात काय केले, हे मी इतक्या उघड दुसरीकडे कुठे पाहिलेले नाही. आपल्या मसुद्यात १९५९ चा उल्लेख फक्त ‘दोन खोल्यांचे बांधकाम पूर्ण’ एवढाच आहे.

त्याच सुमारास कोयनेचे धरण वर चढत होते. वरच्या अंगाची गावे उठली, आणि त्या वाड्यांतल्या मुलांपुढे कारण आले, ‘पुनर्वसन’. एका पानावर ही नोंद पाठोपाठ पाच ओळींत आहे, एकाच तारखेची. पाच मुले एकाच दिवशी दाखले घेऊन गेली. ज्यांच्या गावावरून आज लाँच जाते त्यांचा आपल्या शाळेतला शेवटचा दिवस त्या पानावर टिपलेला आहे.

११ डिसेंबर १९६७. सोमवार, पहाटे सव्वाचारचा सुमार. मी दहा वर्षांचा होतो, प्राथमिक शाळेत. भांडी पडल्याचा आवाज आधी आला की जमीन हलली आधी, ते आजही सांगता येत नाही. हायस्कुलाची दगडी भिंत एका बाजूने पूर्ण उतरली. दिवसा भूकंप झाला असता तर काय झाले असते, हे वाक्य आमच्या लहानपणी मोठी माणसे सारखी बोलायची आणि बोलून गप्प व्हायची. पुढचे सहा महिने वर्ग आमराईत आणि मग पत्र्याच्या शेडमध्ये भरले. उन्हात पत्रा तापला की मास्तर मुलांना घेऊन नदीकाठी जायचे आणि तिथेच भूमिती शिकवायचे, असे मला वरच्या वर्गातल्यांनी सांगितले. जनरल रजिस्टरात त्या वर्षीची एक ओळ आहे, कारणाच्या रकान्यात फक्त ‘मयत’, आणि शेऱ्यात ती तारीख. आठवीतला मुलगा. आपल्या मसुद्यात भूकंप आहे, पण ‘इमारतीचे नुकसान’ या शब्दांत आहे. तो मुलगाही त्यात यायला हवा. नावाने नको असेल तर न घ्या, पण यायला हवा.

१९७२ चा दुष्काळ आपल्या खोऱ्यात माण-खटावइतका कडक नव्हता. तरी रजिस्टरात तो आहे. तिकडची मुले मामाच्या, मावशीच्या आसऱ्याला आपल्याकडे आली. त्या एका वर्षी ‘यापूर्वीची शाळा’ या रकान्यात दहिवडी, म्हसवड, वडूज अशी नावे एकदम दिसतात आणि दोन वर्षांनी तीच मुले ‘मूळ गावी’ म्हणून परत जातात. त्यातला एकजण माझ्या बाकावर बसायचा. त्याची आई तिकडे दुष्काळी कामावर खडी फोडत होती. डब्यात तो दुष्काळी कामावर वाटली जाणारी सुकडी आणायचा आणि ती त्याला आवडायची नाही; आम्हाला आवडायची, म्हणून आम्ही भाकरी देऊन घ्यायचो. आपली भाकरी त्याला का हवी असते, हे आम्हाला तेव्हा कळले नाही.

१९७५ साली जुनी अकरावी आणि नवी दहावी अशा दोन्ही बॅचेस एकाच वर्षी बोर्डाला बसल्या. मी अकरावीच्या शेवटच्या बॅचचा. आमच्या मागचे एक वर्षाने लहान मुलगे आमच्याबरोबरच ‘एस.एस.सी. पास’ झाले, त्याचा आम्हाला केवढा राग आला होता. रजिस्टरात त्या वर्षीची शाळा सोडल्याची तारीख दुप्पट ओळींपुढे आहे. शाळेपुढून एका जून महिन्यात दोन वर्षांची मुले निघून गेली. डिसेंबर १९७७ मध्ये सुरू झालेल्या सरकारी कर्मचारी आणि शिक्षकांच्या चोपन्न दिवसांच्या संपाबद्दल मी इथे लिहीत नाही. त्यावर आपल्या निवृत्त शिक्षकांपैकी कुणीतरी लिहावे, त्यांनी तो सोसला आहे.

१९८१ साली मी कनिष्ठ लिपिक म्हणून कचेरीत आलो आणि टाक माझ्या हातात आला. म्हणजे बॉलपेन. पुढच्याच वर्षी, जानेवारी १९८२ मध्ये, मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. आपल्या खोऱ्यातल्या घराघरातला एक माणूस तेव्हा गिरणीत होता. जूनमध्ये प्रवेश सुरू झाले तर दारात रांग. आठवीला आलेल्या मुलांचे दाखले मुंबईच्या महापालिका शाळांचे. परळ, लालबाग, काळाचौकी. मी एकेक नोंद करत होतो आणि माझ्या टेबलापुढे उभे असलेले बाप खाली बघत होते. सगळे म्हणायचे, ‘दोन-चार महिन्यांचा प्रश्न आहे साहेब, संप मिटला की न्यायचीच आहेत.’ शहरात वाढलेली ती मुले इस्त्रीचे शर्ट घालून यायची, त्यांना चिखलातून चालता यायचे नाही, वर्गात त्यांच्या बोलण्याला पोरे हसायची. त्यांच्यापैकी फार थोडी परत गेली. त्यांच्यातलाच एकजण आज या समितीत आहे, आणि त्याला हे वाचून राग येणार नाही अशी माझी खात्री आहे. गिरणी संपावर पुस्तके निघाली, भाषणे झाली. आपल्या शाळेच्या कागदावर तो माझ्या अक्षरात आहे, तेरा-चौदा वर्षांच्या मुलांच्या नावांनी.

मुलींबद्दल वेगळे लिहायला हवे.

पहिल्या पानावर एकही मुलगी नाही. पहिले मुलीचे नाव तिसऱ्या वर्षी येते, मास्तरांचीच मुलगी. मग हळूहळू एकेक. साठच्या आणि सत्तरच्या दशकांत मुलींच्या ओळी पाहिल्या तर बहुतेक नववीतच संपतात आणि कारणाच्या रकान्यात एकच शब्द असतो, ‘घरकामासाठी’. मी वर्षानुवर्षे तो शब्द वाचला आणि खरा मानला.

निवृत्तीच्या दोन वर्षे आधीची गोष्ट. एक आजी नातवाला घेऊन कचेरीत आल्या. मुलाला इंजिनिअरिंगला प्रवेश हवा होता, जातपडताळणीला आजोबांचा जुना पुरावा लागणार होता. इतर मागासवर्गीयांसाठी १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीची नोंद असली तर काम सोपे होते, हे कचेरीत बसणाऱ्या प्रत्येकाला पाठ असते. आजोबा वारले होते. त्यांची १९६१ ची नोंद मी शोधून दिली, निर्गम उतारा, म्हणजे रजिस्टरातल्या नोंदीची नक्कल, लिहायला घेतला. आजी तोवर टेबलाशी उभ्या होत्या. म्हणाल्या, ‘भाऊसाहेब, माजं बी नाव आसंल की ह्यात.’

पुढचे रजिस्टर काढले. अर्ध्या तासाने ओळ मिळाली. माहेरचे नाव, वडिलांचे नाव, १ जून. आजींना वाचता येत होते, नववीपर्यंत शिकल्या होत्या. चष्मा नव्हता, म्हणून पान उजेडाला धरले आणि बोट ठेवून एकेक रकाना वाचत गेल्या. वर्तणूक, चांगली. प्रगती, चांगली. मग बोट थांबले.

‘घरकाम न्हाय ओ. लगीन केलं माजं. सहामाहीचा पेपर द्यायचा हुता.’

नातू त्यांच्याकडे बघत राहिला. त्याला हे ठाऊक नव्हते. मी त्या दिवशी घरी जाऊन आधीची सगळी पाने डोळ्यांपुढे आणली. किती जणींच्या ओळीत आमच्या आधीच्या लिपिकाने, आणि नंतर मी, तो सोयीचा शब्द लिहिला असेल? लग्न असे लिहिले असते तर वयाचा प्रश्न आला असता, वडिलांना अडचण झाली असती. शब्द सभ्य होता आणि खोटा होता. म्हणून सांगतो, रजिस्टर हा शाळेचा खरा इतिहास आहे, पण त्याच्या पानांवर ज्यांची नावे आहेत त्यांना बोलावून, समोर बसवून ते वाचले तरच तो पुरा होईल. त्या आजी आज हयात आहेत. त्यांच्या वयाच्या आणखी वीस-पंचवीसजणी पंचक्रोशीत सापडतील. दहा वर्षांनी नाही सापडणार.

नव्वदीनंतर हा रकाना बदलतो. मुलींना एसटीचा मोफत पास मिळू लागला तशी डोंगरावरच्या वाड्यांतली नावे मुलींच्या बाजूला वाढली आणि ‘इ. १० वी उत्तीर्ण’ हे कारण त्यांच्यापुढे जागोजाग दिसू लागले. हाच खरा वटवृक्ष, आणि त्याचे श्रेय कुणा एकाला देता येणार नाही. अलीकडच्या पानांवर पुन्हा एक नवे कारण आले आहे, ‘इंग्रजी माध्यम शाळेत प्रवेश’. तुकड्या कमी झाल्या, दोन शिक्षक अतिरिक्त ठरले. तेही लिहा. महोत्सव आहे म्हणून ते लपवू नका, उलट पाहुण्यांच्या समोर ते वाचून दाखवा.

आता एक कबुली द्यायची आहे. ती दिल्याशिवाय या पत्राला मला हक्क नाही.

नवी इमारत झाली तेव्हा जुनी कचेरी रिकामी करायची होती. कपाटे व्हरांड्यात काढून ठेवली. पाऊस वेळेआधी आला. रजिस्टरे मी आत नेली, पण वर्गांचे जुने कॅटलॉग, पहिल्या वीस वर्षांचे मस्टर, सूचनावह्या आणि दोन लॉग बुके भिजली. त्या लॉग बुकांत भूकंपाच्या दुसऱ्या दिवसापासूनची मुख्याध्यापकांची रोजची नोंद होती. नोकरीला लागलो तेव्हा मी ती वाचून काढली होती. भिजलेले कागद वाळवता आले असते. पंख्याखाली पसरून, मध्ये कोरे कागद घालून, आठ दिवसांत. पण सगळ्यांना घाई होती. निर्लेखनाची, म्हणजे बाद करायच्या कागदांची, यादी झाली, रद्दीवाल्याने तराजू लावला. त्या यादीवर तीन सह्या आहेत आणि त्यातली एक माझी आहे. मी बोललो नाही. आज कुणी मला विचारले की पत्र्याच्या शेडमध्ये शाळा किती दिवस भरली, तर मला लोकांच्या आठवणीवर सांगावे लागते. लिहिलेले होते ते गेले.

साताऱ्याच्या प्रतापसिंह हायस्कुलाची गोष्ट आपल्यापैकी सर्वांना माहीत आहे. राजवाड्यात भरणाऱ्या त्या सरकारी शाळेत ७ नोव्हेंबर १९०० रोजी इंग्रजी पहिलीत एका मुलाचे नाव दाखल झाले. रजिस्टर क्रमांक १९१४, भिवा रामजी आंबेडकर. ती नोंद टिकली म्हणून शाळा प्रवेशाचा दिवस नक्की कळला आणि २०१७ साली राज्य सरकारने ७ नोव्हेंबर हा ‘विद्यार्थी दिवस’ ठरवला. आपण भाषणांत हे सांगतो आणि टाळ्या घेतो. पण कचेरीतला माणूस म्हणून मला त्यात दिसते ते असे : १९१४ क्रमांक जपायचा म्हणून कुणी जपला नव्हता. पूर्ण रजिस्टर जपले म्हणून तो राहिला. १९१४ हवा असेल तर १९१३ आणि १९१५ सुद्धा सांभाळावे लागतात, आणि त्यांच्यावर कोण होते हे आज कुणाला सांगता येत नसले तरी सांभाळावे लागतात.

आणि उपयोगाचेच बोलायचे तर २०२३ साली कुणबी नोंदी शोधण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली तेव्हा गावोगावच्या शाळांची जुनी रजिस्टरे उघडली गेली. काहींत मोडी नोंदी निघाल्या. ज्यांची पाने वाळवीने खाल्ली होती तिथे लोक रिकाम्या हाताने परत गेले. जनरल रजिस्टर कायमस्वरूपी जतन करायचे, असा नियमच आहे. पण नियम कपाटाला कुलूप लावतो. आतली कसर तो मारत नाही.

म्हणून समितीला माझी हात जोडून विनंती. कमानीच्या खर्चातला थोडा भाग या पाच रजिस्टरांसाठी बाजूला काढा. पाने स्कॅन करून घ्या आणि त्याच्या प्रती तीन ठिकाणी ठेवा, शाळेत, संस्थेच्या कार्यालयात आणि गावाबाहेर कुठेतरी. एका उत्साही माजी विद्यार्थ्याने पहिली पाने लॅमिनेट करून भिंतीवर लावू, असे सुचवले आहे. कृपा करून तसे करू नका. गरम प्लॅस्टिकमध्ये घातलेला जुना कागद पुन्हा बाहेर काढता येत नाही. फाटलेल्या कडांना सेलोटेपही नको, तिचा डिंक काही वर्षांत पान पिवळे करून खातो. रजिस्टरे धुतलेल्या सुती कापडात बांधा, कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढा, पावसाळ्याआधी आणि नंतर एकदा उघडून बघा. राज्याचे पुराभिलेख संचालनालय आहे, पुण्यात त्यांचे पेशवे दप्तर आहे, भारत इतिहास संशोधक मंडळ आहे. तिथली माणसे जुन्या कागदात आयुष्य काढतात. त्यांना एक पत्र घालून सल्ला विचारू. याच जिल्ह्यात वाईला सापडलेल्या दप्तरांपासून इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचे इतिहाससाधनांचे काम सुरू झाले. आपल्या जिल्ह्याला कागदाची किंमत नव्याने शिकवायला नको.

एक गोष्ट मात्र कडकपणे सांगतो. गेल्या आठवड्यात माजी विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कुणीतरी १९६४ च्या पानाचा फोटो टाकला. हेतू चांगला असेल. पण त्या पानावर जात आहे, वडिलांची ऐपत कळेल असा शेरा आहे, आणि एकाच्या वर्तणुकीपुढे ‘समाधानकारक नाही’ असे आहे. तो माणूस आज सत्तरीच्या पुढे आहे आणि त्याची सून त्या ग्रुपवर आहे. रजिस्टर वाचायचे म्हणजे ते चव्हाट्यावर मांडायचे नव्हे. ज्याची ओळ त्याला आधी दाखवा, त्याने होय म्हटले तर छापा. नाव न घेताही शाळेची हकीकत सांगता येते; या पत्रात मी आपल्या शाळेतल्या एकाचेही नाव घेतलेले नाही.

आणि निमंत्रणे. आपली यादी उत्तीर्ण झालेल्यांच्या निकालपत्रकांवरून तयार केली आहे, असे इतिवृत्तात लिहिले आहे. ती जनरल रजिस्टरावरून करा. ज्यांचे नाव फीसाठी कमी झाले, जे धरणामुळे उठले, ज्या नववीत मांडवात उभ्या राहिल्या, जे गुरांमागे गेले, तेही या शाळेचे माजी विद्यार्थी आहेत. त्यांना पत्रिका गेली नाही तर हा महोत्सव अर्ध्या शाळेचा होईल. व्यासपीठासमोरच्या पहिल्या दोन रांगा त्यांच्यासाठी ठेवा. पुढारी मागे बसले तरी त्यांना दिसेल.

त्यांना द्यायला भेटवस्तू शोधू नका. त्याच खोलीत, कपाटाच्या वर, एक पत्र्याची पेटी आहे. तिच्यात लिहून, सही-शिक्का होऊन पडलेले शाळा सोडल्याचे दाखले आहेत आणि बोर्डाची जुनी प्रमाणपत्रे. घ्यायला कुणी आलेच नाही. कुणी मुंबईला गेले होते, कुणी सासरी, कुणाला वाटले की नापासाला दाखला कशाला. मी निवृत्त होताना ती मोजली होती, शंभरावर आहेत. त्या आजींचा दाखलाही त्यात आहे, नंतर मी तो पाहिला. त्यांना कळवायचे राहून गेले.

पेटीला कुलूप नाही, कडी घट्ट बसली आहे, तेल घालावे लागेल. दर मंगळवारी आणि शुक्रवारी मी सकाळी अकराला शाळेत येऊ शकतो. अक्षर लावायला, गावांची जुनी नावे सांगायला, कोण कुणाच्या घरातले ते ओळखायला माझा उपयोग होईल. बरोबर दोन मुले द्या, नववीतली चालतील, अक्षर चांगले असलेली. मृगाच्या आत सुरुवात झाली पाहिजे. खोलीची उत्तरेकडची खिडकी गळते.

कळावे, लोभ असावा.

आपला नम्र,
शाळेचा माजी विद्यार्थी व निवृत्त मुख्य लिपिक